विमानवाहू जहाजावरील माणसे : आठवणी, अपघात आणि सावधानता

सातारा जिल्ह्याची ओळख सैनिकांचा जिल्हा अशी आहे. अपशिंगे (मिलिटरी) हे गाव तर ती ओळख आपल्या नावातच मिरवते. १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली आणि आपल्या समाजातील अनेक घरांत सैनिकी गणवेश पुन्हा सन्मानाने आला. तरीही सह्याद्रीच्या पूर्वेकडील आपल्या फलटण परिसरात सैन्य म्हटले की डोळ्यांसमोर येते ते भूदलच. नौदलात भरती झालेला मुलगा सुट्टीवर आला म्हणजे त्याच्या पांढऱ्या शुभ्र गणवेशाचे कौतुक होते. परंतु तो समुद्रावर नेमके काय करतो, कुठे झोपतो, काय खातो आणि कोणत्या धोक्यात वावरतो, हे त्याच्या आईवडिलांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. तोही घरी फारसे सांगत नाही. आईला काळजी लागेल, हे त्याला ठाऊक असते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने विमानवाहू जहाजावरील जीवनाची आणि तेथे घडलेल्या अपघातांची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. अपघातांच्या गोष्टी थरारासाठी सांगण्याचा आमचा हेतू नाही. नौसैनिकांच्या आठवणींत अपघाताला मोठे स्थान आहे, याला एक सबळ कारण आहे. जहाजावरील जवळजवळ प्रत्येक कडक नियमामागे कुणाचा तरी मृत्यू उभा असतो. तो मृत्यू विसरला गेला की नियम निर्जीव होतो, आणि नियम निर्जीव झाला की पुढचा मृत्यू जवळ येतो. ही साखळी समजून घेणे आपल्या घरांना, वसतिगृहांना आणि वस्त्यांनाही उपयोगाचे आहे, अशी आमची धारणा आहे.

तरंगता विमानतळ

भारताचे पहिले विमानवाहू जहाज म्हणजे ‘विक्रांत’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने त्याची बांधणी सुरू झाली. १९४५ मध्ये त्याचे जलावतरण झाले. पण युद्ध संपल्यामुळे काम अर्धवट राहिले. १९५७ मध्ये भारताने ते विकत घेतले, उरलेली बांधणी पूर्ण करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ते भारतीय नौदलात दाखल झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईला पोहोचले तेव्हा पंतप्रधान पंडित नेहरूंनी त्याचे स्वागत केले. त्याच वर्षी जूनमध्ये साताऱ्यात देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली होती. जिल्ह्यातील अनेक मुलांची सैनिकी स्वप्ने ज्या वर्षी शाळेत दाखल झाली, त्याच वर्षी विक्रांत मुंबईत नांगरले गेले.

विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर होती. जमिनीवरील विमानतळाची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही जागा किती अपुरी होती ते ध्यानात येईल. इतक्या आखूड डेकवरून जेट विमान उडवायचे तर त्याला बाहेरून जोर द्यावा लागतो. त्यासाठी विक्रांतवर वाफेच्या दाबावर चालणारे कॅटापल्ट होते. गोफणीतून दगड सुटावा त्याप्रमाणे ते विमानाला काही क्षणांत उड्डाणाचा वेग देत असे. उतरताना विमानाच्या शेपटीखालील आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या जाड पोलादी तारांपैकी एका तारेत अडकावा लागे. आकडा अडकला तर विमान दोन-तीन सेकंदांत थांबते. न अडकल्यास वैमानिकाला पूर्ण जोर लावून पुन्हा आकाशात जावे लागते. म्हणूनच उतरणारा वैमानिक डेकला चाके टेकताच इंजिनाचा जोर कमी न करता वाढवतो. लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी मे १९६१ मध्ये विक्रांतवर पहिले जेट विमान उतरवले. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

विमाने उडवणारे वैमानिक मूठभर असतात. विक्रांतवर मात्र हजाराहून अधिक माणसे राहत. त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात कधी विमान चालवले नाही. कोणी बॉयलरपाशी, कोणी स्वयंपाकघरात, कोणी हँगरमध्ये नटबोल्ट आवळीत, कोणी तारांना वंगण देत, तर कोणी दुर्बीण घेऊन क्षितिजाकडे पाहत असे. एक विमान आकाशात जावे यासाठी या सर्वांचे हात लागत. इतिहासाच्या पुस्तकांत विमानांची आणि कप्तानांची नावे येतात. या हातांची येत नाहीत.

आत राहणारी माणसे

नौसैनिकांच्या आठवणींत पहिली येते ती उष्णता. विक्रांतची इंजिने वाफेवर चालत. बॉयलर कक्ष जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली असतो. तेथे ना खिडकी, ना दिवसरात्रीचा फरक. वरच्या डेकवर समुद्राचा वारा वाहत असताना खाली काम करणारा माणूस घामाने निथळत असतो. चार तासांची पाळी संपवून तो शिडीने वर येतो, तेव्हाच त्याला कळते की सूर्य मावळला आहे. या पाळीला ‘वॉच’ म्हणतात. संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे दोन-दोन तासांचे दोन भाग करतात, म्हणजे पाळ्यांचा क्रम रोज पुढे सरकतो आणि मध्यरात्रीची पाळी कायम एकाच्याच वाट्याला येत नाही. इतकी लहान युक्ती. पण माणसामाणसांत भार समान वाटण्याचा तो एक जुना न्याय आहे.

दुसरी आठवण पाण्याची. आपल्या भागातील वाचकांना ती लगेच समजेल. नीरा उजव्या कालव्याखालची शेते हिरवी आणि कालव्यावरची कोरडी, हे दृश्य आपण रोज पाहतो. जहाजाची स्थिती त्याहून विचित्र असते. चहूकडे पाणीच पाणी, आणि पिण्याचे पाणी मात्र मोजून! समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी तयार करावे लागते. त्या पाण्यावर पहिला हक्क माणसाचा नसतो, बॉयलरचा असतो. कारण खारट पाणी बॉयलरमध्ये गेले तर नळ्या खराब होतात. शिवाय कॅटापल्टमधून प्रत्येक उड्डाणाला वाफ खर्च होते आणि ती वाफ म्हणजे पुन्हा गोडे पाणीच. ज्या दिवशी उड्डाणे अधिक, त्या दिवशी अंघोळीचे पाणी कमी, असा हा हिशेब असतो.

तिसरी आठवण जागेची. एकावर एक टांगलेल्या अरुंद बंकवर माणसे झोपतात. सर्व सामान एका छोट्या लॉकरमध्ये मावावे लागते. डोक्यावर डेक असल्याने विमान उतरल्याचा धक्का आणि तारा सरकल्याचा आवाज झोपेतही ऐकू येतो. काही दिवसांनी त्या आवाजाने जाग येणे बंद होते. उलट अनपेक्षित शांतता पसरली की सगळे दचकून जागे होतात. वसतिगृहात राहिलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. घंटेवर उठणे, रांगेत जेवणे, आपले ताट आपण घासणे, शेजाऱ्याच्या खोकल्याने झोपमोड होणे आणि त्याच शेजाऱ्याने आजारपणात रात्रभर उशाशी बसणे, हे सारे जहाजावरही असते.

जहाजावर पूर्ण समता नांदते, असे म्हणण्याचे कारण नाही. अधिकाऱ्यांची भोजनाची व निवासाची सोय वेगळी, खलाशांची वेगळी. हुद्द्यांची उतरंड तेथे कडक आहे. पण एक गोष्ट महत्त्वाची आहे : ही उतरंड जन्मावरून ठरत नाही. केरळ, पंजाब, बिहार, ओडिशा आणि महाराष्ट्र येथून आलेली मुले एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच टाकीचे पाणी पितात. आग लागली तर धूर कोणाची जात विचारीत नाही, आणि शेजारच्या माणसाने पकडलेल्या पाइपाच्या टोकावरच आपला जीव अवलंबून असतो. ज्या समाजाला पाणवठ्यासाठी महाडचा सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील मुलांना या एका टाकीच्या पाण्याचे मोल कळल्यावाचून राहत नाही.

१९७१ : तडा गेलेला बॉयलर

विक्रांतच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रसंग १९७१ च्या युद्धाचा. त्याआधी १९७० मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमला तडे गेल्याचे आढळून आले होते. ते वेल्डिंगने दुरुस्त होण्यासारखे नव्हते आणि नवे ड्रम भारतात उपलब्ध नव्हते. बॉयलर वापरू नयेत असा आदेश निघाला, आणि विक्रांत कित्येक महिने मुंबईत उभे राहिले. १९६५ च्या युद्धातही ते दुरुस्तीसाठी गोदीत होते. या वेळीही ते बंदरातच राहणार, असे अनेकांना वाटत होते.

तसे घडले नाही. १९७१ च्या प्रारंभी दाब कमी ठेवून बॉयलर पुन्हा पेटवण्यात आले, यंत्रांच्या आणि कॅटापल्टच्या चाचण्या झाल्या. कमी वेगाच्या मर्यादेसह जहाज बंगालच्या उपसागरात गेले. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ४ डिसेंबर १९७१ पासून विक्रांतच्या सी हॉक व अलिझे विमानांनी कॉक्सबाजार, चितगाव आणि इतर बंदरांवर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडील वाट त्यामुळे बंद झाली.

या पराक्रमाचे वर्णन करताना विमानांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तडा गेलेल्या बॉयलरपाशी उभे राहून, दाबाच्या काट्यावरून नजर न हलवता पाळ्या करणाऱ्या माणसांचे धैर्यही त्याच तोलाचे होते. त्यांना शत्रू दिसत नव्हता. त्यांच्यासमोर होती फक्त एक काच आणि तिच्यात थरथरणारा काटा. तो काटा एका रेषेच्या पुढे जाऊ न देणे, एवढेच त्यांचे युद्ध होते.

अपघात कसे घडतात

विमानवाहू जहाजावर चार गोष्टी फार जवळजवळ असतात : इंधन, दारूगोळा, फिरती यंत्रे आणि माणसे. जमिनीवर या गोष्टींमध्ये मोकळी जागा ठेवता येते. जहाजावर ती नसते. म्हणून येथील अपघात क्वचितच एका कारणाने घडतात. एक लहान चूक दुसऱ्या लहान चुकीला हात देते.

डेकवरचा पहिला धोका वाऱ्याचा आणि आवाजाचा. जेटच्या मागून येणारा झोत माणसाला समुद्रात फेकू शकतो; पुढून हवा खेचणारे तोंड माणसालाच ओढून घेऊ शकते. अलिझे विमानाला पंखा होता आणि फिरता पंखा अंधारात दिसत नाही. आवाजामुळे हाक ऐकू येत नाही, म्हणून डेकवर हातवाऱ्यांची भाषा चालते आणि प्रत्येक कामाच्या माणसाला ठरलेल्या रंगाचे जाकीट असते. विमानांना वाट दाखवणारा पिवळ्या जाकिटात, तर दारूगोळा किंवा आग यांच्याशी ज्याचा संबंध तो लाल जाकिटात. रंगावरून माणूस ओळखता आला नाही तर तेथे क्षणाचाही भरवसा नाही.

दुसरा धोका ताणलेल्या तारांचा. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या ‘आयझेनहॉवर’ या जहाजावर विमान उतरत असताना अडवणारी तार तुटली आणि डेकवरील आठ नौसैनिक जखमी झाले. एवढ्या ताणाखालील पोलादी तार तुटली की चाबकासारखी फिरते.

तिसरा धोका टकरीचा. विमान समुद्रात पडल्यास वैमानिकाला वाचवण्यासाठी विमानवाहू जहाजाच्या मागे एक लहान युद्धनौका चालत असे. आता हे काम बहुधा हेलिकॉप्टर करते. १० फेब्रुवारी १९६४ च्या रात्री ऑस्ट्रेलियाचे ‘मेलबर्न’ हे जहाज अशा सरावात होते. हे जहाज विक्रांतच्याच वर्गातले. रक्षणासाठी बरोबर असलेली ‘व्हॉयेजर’ ही विनाशिका वळताना त्याच्या समोर आली आणि मेलबर्नच्या नाळेने तिचे दोन तुकडे झाले. व्हॉयेजरवरील ८२ जण मृत्युमुखी पडले. ज्या नौकेचे काम इतरांना वाचवणे, तीच बुडाली.

चौथा आणि सर्वांत भयंकर धोका आगीचा. २९ जुलै १९६७ रोजी व्हिएतनामजवळ असलेल्या अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या जहाजावर विजेच्या दोषामुळे एका विमानाखालचे रॉकेट आपोआप सुटले आणि समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळले. डेकवर इंधन पसरले, पेटले. सुमारे दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला. चीफ जेराल्ड फॅरियर हे हातातले लहानसे अग्निशामक घेऊन बॉम्बच्या दिशेने धावले होते. ते आणि त्यांचे प्रशिक्षित पथक पहिल्याच स्फोटांत नाहीसे झाले. मागे राहिलेल्या माणसांनी हाती लागेल तो पाइप घेऊन आगीवर पाणी मारले. परंतु इंधनाची आग फेसाने विझते, पाण्याने नव्हे. एकीकडे फेस टाकला जात होता आणि दुसरीकडे पाण्याच्या झोताने तो वाहून जात होता. त्या दिवशी १३४ नौसैनिक मरण पावले.

ही घटना आम्ही विस्ताराने सांगितली, कारण तिचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. धैर्य कमी पडले नव्हते. प्रशिक्षण थोड्यांपाशीच होते. म्हणून त्यानंतर अमेरिकी नौदलाने प्रत्येक नौसैनिकाला, मग तो स्वयंपाकी असो वा कारकून, आग विझवण्याचे शिक्षण देण्यावर भर दिला. फॉरेस्टलच्या डेकवरील कॅमेऱ्यांत सापडलेली दृश्ये नव्या नौसैनिकांना वर्षानुवर्षे दाखवली गेली. नॉरफोक येथील अग्निशमन शाळेला कोणत्याही सेनापतीचे नाव दिलेले नाही. तिला नाव आहे फॅरियर यांचे.

आपल्या नौदलातही हेच शिक्षण दिले जाते. लोणावळ्याजवळची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था १९४५ पासून नौदलाचे तंत्रज्ञ घडवीत आली आहे. समुद्रापासून दूर, डोंगरावर असलेल्या या ठिकाणी नौसैनिक आगीशी आणि जहाजात घुसणाऱ्या पाण्याशी झुंजायला शिकतात. खऱ्या समुद्रावर जाण्याआधी भीतीची ओळख होऊन जावी, हा त्यामागचा विचार.

तरीही अपघात संपले नाहीत. मार्च २०१६ मध्ये ‘विराट’ गोव्याकडे जात असताना बॉयलर कक्षात वाफेची गळती होऊन एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. २६ एप्रिल २०१९ रोजी ‘विक्रमादित्य’ कारवार बंदरात शिरत असताना आग लागली. ती विझवण्याच्या कामाचे नेतृत्व करताना लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान यांनी प्राण गमावला. जहाज वाचले.

सर्वांत लहान माणसाचा शब्द

विमानवाहू जहाजांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना एका प्रश्नाने चकित केले होते. इतके धोके, इतकी तरुण आणि सतत बदलणारी माणसे असूनही रोजचे काम बहुतेक वेळा सुखरूप कसे पार पडते? त्यांना सापडलेल्या उत्तरांपैकी एक असे : हुद्द्यांची उतरंड कितीही कडक असली, तरी धोका दिसल्यावर कोणीही ‘डेक मोकळा नाही’ असे ओरडून उतरणारे विमान परत पाठवू शकतो. त्यासाठी त्याला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. त्याचा अंदाज चुकीचा निघाला तरी त्याला शिक्षा होत नाही.

या अभ्यासात नोंदलेला एक प्रसंग ‘कार्ल विन्सन’ या जहाजावरील आहे. एका साध्या नौसैनिकाच्या लक्षात आले की आपल्याजवळचे एक हत्यार डेकवर कुठेतरी हरवले आहे. लहानशी वस्तू; पण जेटच्या तोंडात ओढली गेली तर इंजिन निकामी होऊ शकते. तो गप्प राहिला असता तर कोणाला कळलेही नसते. त्याने वरिष्ठांना सांगितले. आकाशातील सर्व विमाने जमिनीवरील तळांकडे वळवण्यात आली, हत्यार सापडेपर्यंत डेकचा शोध घेतला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच डेकवर सर्वांसमोर त्या नौसैनिकाचा गौरव करण्यात आला. हत्यार हरवल्याबद्दल शिक्षा करता आली असती. पण मग पुढच्या वेळी हत्यार हरवले असते आणि कोणी सांगितले नसते.

याच विचारातून एक रोजची रीत आली आहे. उड्डाणांपूर्वी डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसांची रांग खांद्याला खांदा लावून, खाली पाहत, सावकाश चालते. खिळा, तारेचा तुकडा, खडा, जे सापडेल ते उचलते. त्या रांगेत हुद्दा पाहिला जात नाही. शाळेच्या मैदानावर सकाळी रांगेने कचरा वेचलेल्या विद्यार्थ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. एका छोट्या खिळ्याने कोट्यवधींचे विमान आणि एक जीव जाऊ शकतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वाकून खिळा उचलण्यात कमीपणा वाटत नाही.

खालच्या माणसाचा शब्द ऐकला नाही तर काय होते, हेही आपल्या नौदलाच्या इतिहासात नोंदलेले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या नौदल केंद्रातील खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध काम थांबवले. त्यांच्या तक्रारी आधी ऐकल्या गेल्या नव्हत्या. पाहता पाहता सुमारे २०,००० खलाशी त्या उठावात सामील झाले आणि ब्रिटिश सत्तेला हादरा बसला.

भगवान बुद्धांनी अप्रमादाला, म्हणजे सतत जागरूक राहण्याला, सर्व सद्गुणांचा आधार मानले. डेकवरची ती रांग म्हणजे अप्रमादाचे मूर्त रूप आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. येथे जागरूकता ही एकट्या साधकाची नाही, संघाची आहे. एकाची डुलकी सर्वांना भोवते आणि एकाची सावध हाक सर्वांना तारते.

जहाजावरचा धडा जमिनीवर

एक अपघात आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. १० जून २०१६ रोजी कारवार येथे दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या विक्रमादित्यवर सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या देखभालीचे काम चालू असताना विषारी वायूची गळती झाली. एक नौसैनिक आणि एक खाजगी कामगार असे दोघे जण मृत्यू पावले. युद्ध नव्हते, वादळ नव्हते, विमानही उडत नव्हते.

हा मृत्यू कसा येतो, हे प्रत्येक वाचकाने समजून घ्यावे. मैला आणि सांडपाणी बंद जागेत, हवेशिवाय कुजले की हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच वास येईनासा होतो. माणसाला वाटते की हवा स्वच्छ झाली, आणि तो एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला धावत उतरलेला दुसरा माणूसही तसाच कोसळतो. म्हणून जहाजावर बंद कप्प्यात शिरण्याचे नियम कडक असतात : आधी हवा खेळवायची, मग यंत्राने तपासायची, आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर, दारात पहारा देणारा एक माणूस, आणि काहीही झाले तरी श्वसनयंत्राशिवाय मागोमाग आत उडी घ्यायची नाही.

आता हे चित्र आपल्या शहरांत आणून पाहावे. शौचालयाच्या टाकीत किंवा भूमिगत गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. एक उतरला, बाहेर आला नाही, दुसरा त्याला काढायला गेला, मग तिसरा. नावे वाचली की बहुतेक वेळा ती आपल्याच लोकांची, दलित वस्त्यांतील तरुणांची असतात. २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांविना गटारात वा टाकीत उतरवण्यास बंदी घातली आहे. अशा मृत्यूंची नुकसानभरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाखांपर्यंत वाढवली. कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे. नसते ते दारात उभे राहून ‘थांबा, आत हवा नाही’ असे म्हणणारे माणूस, आणि त्याचे ऐकणारा मालक.

जहाजावर वायूने मृत्यू झाला की चौकशी बसते, कारणे शोधली जातात. गल्लीतल्या टाकीत मृत्यू झाला की पंचनामा होतो, वर्गणी गोळा होते आणि पुढच्या महिन्यात दुसरी टाकी उघडते. वायू दोन्हीकडे तोच आहे. फरक माणसाच्या जिवाला दिलेल्या किमतीचा आहे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपल्या सोसायटीत, आपल्या गावात, आपल्या कार्यालयात टाकी उघडण्यापूर्वी जहाजावरचे हे नियम मागितले, तर ते कोणत्याही अभिवादन सभेइतकेच मोलाचे कार्य होईल.

आठवणी लिहून ठेवाव्यात

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाले. २००१ ते २०१२ या काळात ते मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. सहलीला गेलेल्या अनेक शाळकरी मुलांनी त्याच्या डेकवर पाय ठेवला. २०१४ मध्ये ते भंगारात निघाले आणि मुंबईतच तोडले गेले. त्याच्या धातूचा काही भाग मोटारसायकलींत गेला, काहीतून मुंबईच्या नौदल गोदीजवळ एक स्मारक उभे राहिले. विराट २०२० मध्ये मुंबईहून गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर नेऊन तोडण्यात आले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवे, भारतात बांधलेले २६२ मीटर लांबीचे विक्रांत दाखल झाले. तेथे आज सोळाशेहून अधिक जणांची सोय आहे.

पोलाद वितळून पुन्हा वापरता येते. आठवणींचे तसे नसते. बॉयलरच्या काट्याकडे पाहत पाळी करणारा माणूस गेला की त्याने काय पाहिले, काय टाळले, कोणत्या रात्री कोणाच्या एका हाकेने सर्व वाचले, हेही त्याच्याबरोबर जाते. अधिकाऱ्यांनी आत्मचरित्रे लिहिली. खलाशी, स्टोकर, स्वयंपाकी, धोबी यांनी क्वचितच. लिहिण्याची सवय नव्हती, आणि आपले जगणे लिहिण्याजोगे आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती दिलेले शिक्षण हे नोकरीपुरते नाही. आपल्या माणसांचे जगणे आपण नोंदवावे, हेही त्यात आले.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरात, भावकीत, गावात नौदलातून, भूदलातून, बंदरावरून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेले कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी एक वही घेऊन बसा. पराक्रम विचारू नका, काम विचारा. दिवस कसा उगवत असे, जेवण काय असे, कशाची भीती वाटे, कोणता नियम कोणाच्या मृत्यूनंतर आला, धोका दिसल्यावर तुम्ही बोलू शकत होता का, आणि बोललात तर कोणी ऐकले का, हे विचारा. उत्तरे जशीच्या तशी, त्यांच्या बोलीत लिहून घ्या. शाळेतील मुलांनी हे काम केले तर त्यांना इतिहास, विज्ञान आणि नीती हे तीनही विषय एकाच वहीत सापडतील.

आणि वसतिगृहातल्या लहानातल्या लहान मुलाने पंख्याची वायर उघडी असल्याचे, गॅसचा वास येत असल्याचे किंवा एखादा मित्र दोन दिवस जेवला नसल्याचे येऊन सांगितले, तर मोठ्यांनी हातातले काम थांबवून त्याचे ऐकावे. डेकवर एका साध्या नौसैनिकाच्या शब्दावर आकाशातली विमाने वळवली जातात. आपल्याला तर फक्त दोन मिनिटे थांबायचे आहे.